शुभेच्छापत्रांतील हात

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं जीं शुभेच्छापत्रें आलीं, त्यांपैकीं एक आमच्या भाचीनें स्वतः तयार केलेलें होतें. जाड पांढऱ्या कागदाची घडी, तिच्या कडेनें पंचानें पाडलेलीं फुलांच्या आकाराचीं भोकें, त्या भोकांतून डोकावणारा आंतला केशरी कागद, आणि मध्यें रबरी ठशानें उमटविलेली एक पणती. पणतीची वात किंचित् फिसकटली होती व एक फूल अर्धें कागदाबाहेर गेलें होतें. त्या वेळीं घरीं आलेल्या एका स्नेह्यांनीं तें हातांत घेऊन म्हटलें, "बाजारांत ह्याहून सुबक मिळतें, मग हा उपद्व्याप कशाला?" दुसरे गृहस्थ म्हणाले, "यंत्रानें हाताची कला मारली. ती अशीच कोठें तरी तग धरून आहे." पहिल्यांचें म्हणणें आम्हांस कोरडें वाटलें, आणि दुसऱ्यांचें गोड असूनही खरें वाटलें नाहीं. म्हणून ह्या लहानशा वस्तूचा इतिहास थोडा धुंडाळून पाहिला. त्यांत जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

शुभेच्छापत्राचें एक मूळ इंग्लंडांतील व्हॅलेंटाइन-पत्रांत आहे. फेब्रुवारीच्या १४ तारखेस प्रेमाचें पत्र पाठविण्याची चाल तेथें जुनी आहे. व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हीं पत्रें पुष्कळदां घरींच तयार होत. कागदाची घडी घालून ती कात्रीनें कातरावयाची, टांचणीनें टोंचून नक्षी काढावयाची, जलरंगांनीं हृदयें व पक्षी रंगवावयाचे आणि खालीं चार ओळी जुळवावयाच्या, असा तो प्रकार असे. ज्यांना ओळी जुळत नसत त्यांच्यासाठीं तयार पद्यांच्या पुस्तिका शतकाच्या अखेरीस निघूं लागल्या होत्या. म्हणजे ज्या काळास आपण निव्वळ हस्तकलेचा काळ समजतों, त्या काळींही उसनवारी चालूच होती.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रज कागदवाल्यांनीं लेससारखा जाळीदार कागद काढला. लंडनचे डॉब्ज हे ह्या कामांत विशेष प्रसिद्ध होते. धातूच्या सांच्यावर नक्षी कोरीत व कागद त्यावर दाबून तिचा उठाव घेत. मग उठावाचे उंच भाग घासून काढले कीं तेथें बारीक छिद्रें पडून कागदाची जाळी होई. जें काम कात्रीनें करावयास एखाद्या कुशल बाईस कित्येक दिवस लागले असते, तें आतां थोड्या पैशांत कोणासही मिळूं लागलें. ह्यामुळें घरगुती कारागिरी थांबावयास हवी होती. घडलें तें उलटें : जाळीच्या कागदाखालीं रंगीत कागद लावणें, वर चित्रें चिकटविणें, फिती ओंवणें, असे नवे उद्योग त्यामुळेंच निघाले.

तथापि पत्र तयार होऊन भागत नाहीं. तें पोंचावें लागतें. १८४० पूर्वीं इंग्लंडांत टपालाचें हांशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर असे, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावें लागे. लिफाफा हा वेगळा कागद धरला जाई, म्हणून नाजूक पत्रासही तो घालण्याची सोय नव्हती. रोलंड हिल ह्यांच्या खटपटीनें १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचें पत्र देशांत कोठेंही एका पेनींत जाऊं लागलें. आपल्याकडे अशीच सुधारणा १८५४ च्या आक्टोबरांत झाली व पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत हिंदुस्थानांतील कोणत्याही टपालकचेरीस पोंचूं लागलें. लिफाफ्यावरील दंड गेला, आणि शुभेच्छापत्रास वाट मोकळी झाली.

ह्याच टपालसुधारणेंत हिल ह्यांचे साहाय्यक असलेले हेन्री कोल ह्यांना १८४३ च्या नाताळांत एक अडचण आली. स्नेह्यांचीं पत्रें फार, आणि उत्तरें लिहावयास सवड नाहीं. त्यांनीं जॉन कॅलकॉट हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें : मध्यें मेजवानीस बसलेलें कुटुंब, आणि दोन बाजूंस गरिबांस अन्न व वस्त्र देण्याचे प्रसंग. हें शिळाप्रेसवर छापून त्यांत हातानें रंग भरले. सुमारें हजार प्रती निघाल्या व उरलेल्या प्रत्येकी एका शिलिंगास विक्रीस ठेवल्या. चित्रांतील लहान मुलाच्या ओठांशीं मद्याचा पेला आहे म्हणून मद्यपाननिषेधकांनीं ओरड केली, ती गोष्ट वेगळी. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. त्या पत्रावर घेणाऱ्याचें व देणाऱ्याचें नांव लिहिण्यापुरती जागा कोरी होती. रंग हातानेंच भरलेले होते. परंतु तो हात मजुरीवर काम करणाऱ्या रंगाऱ्याचा होता. पाठविणाऱ्याच्या हाताला उरलीं तीं दोन नांवें.

हाच प्रश्न अमेरिकेंत अधिक स्पष्टपणें उभा राहिला, आणि तो एका तरुणीच्या उद्योगांतून. ईस्थर हाउलंड ही मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर गांवची, जन्म १८२८. वडिलांचें पुस्तकांचें व लेखनसाहित्याचें दुकान होतें. १८४७ सालीं माउंट होल्योक येथील शिक्षण संपवून ती घरीं आली, आणि इंग्लंडांतून आलेलें एक जाळीदार व्हॅलेंटाइन-पत्र तिच्या पाहण्यांत आलें. असें आपणही करूं, ह्या ईर्ष्येनें तिनें जाळीचा कागद व रंगीत कागद मागविला आणि कांहीं नमुने तयार केले. भाऊ दुकानाच्या कामानें फिरतीवर जात असे. त्याच्याबरोबर ते नमुने दिले. दोनशें डॉलरांची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. भाऊ परत आला तो पांच हजारांहून अधिक डॉलरांच्या मागण्या घेऊन !

एकटीच्या हातानें हें होण्यासारखें नव्हतें. तिनें मैत्रिणींस बोलाविलें आणि घरांतच कारखाना थाटला. एकीनें चित्रें कातरावयाचीं, दुसरीनें पार्श्वभूमीचे कागद मांडावयाचे, तिसरीनें ते चिकटवावयाचे. अशी कामाची वांटणी करून पत्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जाई. ज्यांना घर सोडून येतां येत नसे अशा बायकांकडे साहित्याच्या पेट्या पाठविल्या जात व तयार माल मागाहून गोळा केला जाई. नमुना ईस्थरचा, तपासणीही तिचीच. ज्या काळीं सुशिक्षित मुलीस शिक्षकीण होण्यापलीकडे फारसा मार्ग नव्हता, त्या काळीं ह्या कामानें कित्येकींच्या हातांत स्वतःचा पैसा आला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां पाहा : हीं पत्रें संपूर्णपणें हातानें केलेलीं होतीं. कात्री हाताची, खळ हाताची, मांडणी हाताची. तरी तीं पाठविणाऱ्याचीं म्हणावयाचीं काय ? हा प्रश्न ईस्थरलाही जाणवला असावा असें आम्हांस वाटतें. कारण १८७९ सालीं तिच्या कंपनीनें पद्यांचें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. पत्रांतील छापील पद्य गिऱ्हाइकास न रुचलें, तर पुस्तकांतील दुसरें निवडून त्यानें त्या जागीं चिकटवावें, अशी योजना होती. विकत घेणाऱ्यालाही थोडें कांहीं स्वतः करावयास मिळावें, म्हणून ही जागा ठेवलेली दिसते.

पुढें वडिलांच्या आजारपणामुळें तिनें धंदा सोडला व तो जॉर्ज व्हिटनी ह्यांच्याकडे गेला. त्यांनीं यंत्रें आणून जाळीचा कागदही तेथेंच काढावयास प्रारंभ केला. इकडे बोस्टन येथें लुई प्रँग ह्यांनीं १८७५ च्या सुमारास अनेक रंगांच्या शिळाछापाचीं नाताळपत्रें अमेरिकेच्या बाजारांत आणलीं. ह्यानंतरचा इतिहास स्वस्ताईचा आहे. तो सर्वांस ठाऊकच आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

परंतु आमच्या भाचीच्या हातांतील दोन साधनांची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तीं दोन्ही कचेरींत वाढलेलीं आहेत. चार्ल्स गुडइअर ह्यांना १८३९ सालीं गंधकाच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली, आणि पुढील पिढींत रबरी शिक्के कारकुनांच्या टेबलावर आले. कागदास भोकें पाडण्याचा पंच हाही दप्तर बांधण्यासाठीं. जर्मनींत बॉन येथील फ्रीड्रिख झोएनेकेन ह्यांनीं १८८६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हुकुमावर उमटणारा शिक्का व दप्तरास भोंक पाडणारा पंच आज फूल आणि पणती काढतो, ह्याची आम्हांस मौज वाटते. आणि ह्या साधनांसही हाताची समज लागते. ठसा ठेवतांना डुलविला कीं कडा फिसकटतात. शाई अधिक झाली कीं बारीक रेषा बुजतात. पंचाचा वरचा तुकडा खालच्या छिद्रांत नेमका बसतो म्हणूनच कागद स्वच्छ कापला जातो. धार बोथटली तर पॉलिश-कागदाचा तुकडा त्यांत घालून चार-सहा वेळां दाबावा, म्हणजे ती पुन्हां येते.

तेव्हां आमच्या दुसऱ्या स्नेह्यांचें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. यंत्राच्या जाळीदार कागदावरच घरगुती शुभेच्छापत्र फोफावलें, आणि पंच व ठसा हींही यंत्राचींच लेंकरें आहेत. पहिल्या स्नेह्यांस मात्र आम्ही एवढेंच विचारूं, कीं सुबकपणा विकत मिळतो म्हणून कोणी कोणासाठीं घालविलेली संध्याकाळही विकत मिळते काय ? ईस्थरच्या मैत्रिणींचे हात आमच्या भाचीच्या हातांहून शतपट कुशल होते. परंतु ते हात पत्र कोणास जाणार हें जाणत नव्हते. भाचीनें केशरी कागद निवडला तो आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांना तो रंग आवडतो हें ठाऊक असल्यामुळें. साधन कोणाचें होतें ह्यापेक्षां, काम करीत असतां मनांत कोण होतें, ह्यावर पत्राची खरी किंमत ठरते.

आपल्या वडीलमाणसांस हें न सांगतां कळत होतें. लग्नाची कुंकुमपत्रिका छापखान्यांतूनच येई. हजार प्रती एकसारख्या. तरी ती तशीच कोणी टपालांत टाकीत नसे. घरांतील बायका गठ्ठा पुढें घेऊन बसत, प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यांस हळदकुंकवाचें बोट लावीत, आणि लावतां लावतां ही कोणाकडे जावयाची तें नांव उच्चारीत. कांहीं घरांत ही रीत अजूनही आहे. छापील कागदावरचा तो बोटाएवढा डाग कधीं पसरट होई, कधीं फिकट होई. भाचीच्या पणतीची फिसकटलेली वात आम्हांस त्याच जातीची वाटते, आणि म्हणून तें पत्र आम्हीं जपून ठेविलें आहे.