आधी सांधा, मग नक्षी

पावसाळ्यात फुगून बसलेले दार ज्याने कधी खांदा लावून ढकलले आहे, त्याला या पुस्तकाचा निम्मा विषय ठाऊक आहे. लाकूड ओलाव्याने फुगते, कोरड्या हवेत आटते. तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. ट्यूडर, एलिझाबेथन, जॅकोबियन ही राजवटींवरून पडलेली नावे पुढे येतीलच. पण इंग्लंडच्या जुन्या फर्निचरची घडण समजून घ्यायची तर लाकडाच्या या स्वभावापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

मध्ययुगातली साधी पेटी सहा फळ्या खिळ्यांनी जोडून होई. समोरच्या फळीचे धागे आडवे, बाजूच्या फळ्यांचे उभे. आटू पाहणाऱ्या फळीला खिळे हलू देत नसत आणि ती तडके. १५व्या शतकापासून रुळत गेलेल्या चौकटीने ही अडचण दूर केली. चौकटीच्या आतल्या कडेला खोबण पाडून तिच्यात पातळ फळी सरस न लावता नुसती सरकवली, की तिला फुगायला-आटायला जागा राहते. घडी घातलेल्या कापडासारखी प्रसिद्ध नक्षी याच फळ्यांवर कोरली गेली.

चौकटीचा सांधा जवळून पाहावा. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसते. खुंटीसाठी दोन्हींत भोक पाडतात, पण कुसवातले भोक मुद्दाम किंचित खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे सुरू होते तिकडे, सरकवून. वाळलेल्या ओकची खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढते आणि सांधा आवळला जातो. जुन्या टेबलावर बोट फिरवले तर खुंट्यांची टोके थोडी वर आलेली लागतात : भोवतीचे लाकूड आटले, खुंटी तेवढीच राहिली.

आपण ज्यांना सरसकट सुतार म्हणू, त्यांच्यात तिथे भांडणे होती. १६३२ मध्ये लंडनच्या नगरप्रमुखांनी निवाडा दिला : कुसवाचे आणि डव्हटेलचे (कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचे) सांधे जॉइनरांचे, खिळ्यांचे काम कार्पेंटरांचे.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि ओकच्या जागी अक्रोडाच्या लाकडाची आवड वाढली. त्याच्या ज्या विवाहाने मुंबई इंग्रजांकडे गेली, त्याच विवाहाने पोर्तुगालहून आलेल्या राणी कॅथरीनबरोबर हिंदुस्थानी कपाटेही इंग्लंडला पोहोचली. त्या काळचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने १६६२ च्या रोजनिशीत त्यांची कौतुकाने नोंद केली आहे. व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायला सपाट पृष्ठभाग लागतो, आणि तो चौकटीने मिळत नाही, म्हणून डव्हटेलचे महत्त्व वाढले आणि कॅबिनेटमेकर हा नवा कारागीर पुढे आला. तिथे हे पुस्तक थांबते.

वाचकाला एकच विनंती : संग्रहालयात जुनी खुर्ची दिसली तर तिच्या पाठीवरची नक्षी पाहाच, पण आधी वाकून खालचा सांधा पाहा. ती टिकली आहे ती त्याच्या जोरावर.