खंडित व्यवहार आणि नोंदीची विश्वासार्हता : स्मार्टकार्ड ते टेंभली

प्रस्तावना
नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. या घटनेचा विचार सामान्यतः ओळखीच्या संदर्भात केला जातो. परंतु व्यवहार मध्येच खंडित झाल्यास नोंद कोणी सांभाळावी, या प्रश्नाच्या इतिहासातही तिला स्थान आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

कार्डातील नोंद
फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिपयुक्त कार्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा कार्डास वीज वाचकयंत्राकडून मिळते. त्यामुळे रक्कम लिहिली जात असतानाच कार्ड ओढले गेल्यास जुनी नोंद पुसलेली व नवी अपुरी, अशी अवस्था उद्भवते. यावरील उपाय पेढीवरील रोजकीर्द व खतावणी यांची आठवण करून देतो. चिप प्रथम जुनी रक्कम राखीव जागेत उतरविते, ‘व्यवहार अपूर्ण’ अशी खूण करते, नवी रक्कम लिहिते व शेवटी खूण काढते. पुन्हा वीज मिळताच खूण आढळल्यास जुनी रक्कम पूर्ववत केली जाते. व्यवहार पूर्ण व्हावा अथवा मुळीच होऊ नये, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात विशद केले आहे.

भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाच्या ३०,००० रुपयांच्या वार्षिक संरक्षणाची शिल्लक कार्डातच असे. नेटवर्क नसतानाही रुग्णालयात वजावट होऊ शके.

दूरस्थ नोंद
आधार हा क्रमांक आहे. पडताळणी मध्यवर्ती संगणकावर होते. शिधावाटपासारख्या व्यवहारात त्यामुळे खंडाचे स्थान बदलले. कार्ड ओढले जाण्याऐवजी आता नेटवर्क तुटते. मध्यवर्ती नोंद पूर्ण झाली, पण उत्तर दुकानातील यंत्रापर्यंत पोहोचले नाही, तर धान्य न मिळताही ते ‘दिले’ असे दिसू शकते. प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक दिल्यास पुनर्प्रयत्न दुसरी उचल ठरत नाही. परंतु धान्य प्रत्यक्ष हाती पडले की नाही, हे कोणताही संगणक स्वतःहून जाणू शकत नाही.

निष्कर्ष
चिपमध्ये संशयाचा निवाडा यंत्र स्वतः करीत असे. दूरस्थ व्यवस्थेत सिद्धतेचा भार लाभार्थ्यावर पडण्याचा धोका आहे. धडगाव-अक्कलकुवा परिसरातील सातपुड्याच्या पाड्यांवरून रिकाम्या हाती परतणे म्हणजे मजुरीचा दिवस गमावणे होय. म्हणून अपूर्ण व्यवहार अपूर्णच मानण्याचा जुना नियम दुकानाच्या कार्यपद्धतीतही असणे आवश्यक ठरते.