खोक्याचा चेहरा

जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर पत्र्याचा एक डबा झळकला. त्याचं नाव ‘आल्टेअर ८८००’. सुटे भाग मागवून घरी जोडता येणारा संगणक म्हणून त्याचा इतका गाजावाजा झाला, की हजारो लोकांनी मागणी नोंदवली. गंमत अशी, की छायाचित्रातला तो डबा आतून रिकामा होता. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला पाठवलेला एकमेव चालू नमुना वाटेतच गहाळ झाला. अंक तर वेळेवर निघायला हवा होता. मग एड रॉबर्ट्स यांच्या एमआयटीएस कंपनीने दिवे आणि खटके बसवलेलं नुसतं कवचच धाडून दिलं. घरच्या संगणकाशी पुष्कळांची पहिली ओळख झाली ती अशी, केवळ दर्शनी रूपावर.

पण त्या दर्शनी भागावर शोभेचं काहीच नव्हतं. मूळ यंत्राला ना कळफलक होता, ना पडदा. स्मृती २५६ बाइट्सची. समोरचे खटके वर-खाली करून एक आणि शून्याच्या भाषेत आज्ञा भरायच्या आणि लाल दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचायचं. प्रत्येक खटक्याला काम होतं, प्रत्येक दिव्याला अर्थ होता.

आज आपण संगणकाचं कॅबिनेट बघायला दुकानात जातो तेव्हा नजर रंगावर, काचेवर, आतल्या रंगीत पंख्यांवर जाते. खरं तर त्या खोक्यावरच्या प्रत्येक खाचेला, बटणाला आणि जाळीला पूर्वज आहेत. त्यांतले कोणते अजून राबतात आणि कोणते नुसतेच मिरवतात, हे कळलं की बाह्यरूपाची पारख करणं सोपं जातं.

या घराण्याच्या दोन शाखा आहेत. पहिली आल्टेअरची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पत्र्याच्या यंत्रांची. दुसरी स्वयंपाकघरातली. १९७६ साली अ‍ॅपलने आपला पहिला संगणक विकला तो कवचाविना. ६६६.६६ डॉलर मोजून गिऱ्हाइकाच्या हाती पडायची ती सर्किटची उघडी पाटी. पेटी त्याने स्वतः करून घ्यायची. अनेकांनी लाकडाच्या केल्या. पुढच्या यंत्राच्या वेळी स्टीव्ह जॉब्ज दुकानांत मिक्सर-ग्राइंडरसारखी घरगुती उपकरणं न्याहाळत हिंडले आणि जेरी मॅनॉक या रचनाकाराकडून त्यांनी प्लास्टिकचं फिकट बदामी कवच करून घेतलं. एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळ्यात ‘अ‍ॅपल टू’ मांडला गेला, तेव्हा त्यावर स्क्रू दिसत नव्हते, खटके नव्हते आणि पंखाही नव्हता. अ‍ॅपलच्या रॉड होल्ट यांनी कमी तापणारा वीजपुरवठा रचल्यामुळे पंख्याशिवाय भागलं. मात्र सुरुवातीच्या काही कवचांना हवेसाठी फटीच नव्हत्या. त्या नंतर पाडाव्या लागल्या. देखणेपण आणि हवा यांचा झगडा तेव्हापासून चालू आहे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी आणला, तेव्हा या दोन्ही शाखा एकत्र आल्या. सांगाडा पत्र्याचा, चेहरा प्लास्टिकचा, रंग कचेरीतल्या फर्निचरमध्ये खपून जाईल असा. खोकं आडवं, कारण मॉनिटर त्याच्या डोक्यावर ठेवायचा होता. आणि समोर उजव्या हाताला फ्लॉपीच्या दोन काळ्या खाचा.

या खाचेची कथा सगळ्यांत लांब पल्ल्याची. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह काढला. त्याआधीच्या आठ इंची फ्लॉप्या टेबलावरच्या यंत्राला फार मोठ्या पडत. नव्या ड्राइव्हची रुंदी होती पावणेसहा इंच आणि उंची सव्वातीन इंच. १९८०मध्ये अ‍ॅलन शुगार्ट यांच्याच नव्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, ५ मेगाबाइटची हार्ड डिस्क केली ती मुद्दाम याच मापाची, फ्लॉपीच्या जागी चपखल बसावी म्हणून. नंतर ड्राइव्हची उंची निम्म्यावर आली, रुंदी तीच राहिली. मग सीडी आली, डीव्हीडी रायटर आला. सगळे याच खाचेत राहायला आले. सव्वापाच इंची फ्लॉपी बाजारातून नाहीशी होऊन वर्षं लोटली, तरी कॅबिनेटची रुंदी तीच ठरवत होती. डीव्हीडी रायटरहून रुंद चेहरा हवाच, मग ड्राइव्हला धरणारा सांगाडा, मग बाजूचा पत्रा. असं करत सात-आठ इंचांचं खोकं व्हायचं. आपल्याला ते ‘कॅबिनेटचं नेहमीचं माप’ वाटायचं.

बटणांचं घराणं मात्र अल्पायुषी निघालं. १९८४च्या ‘पीसी एटी’वर आयबीएमने समोर कुलूप दिलं. किल्ली फिरवली की कळफलक गप्प. त्याची नक्कल करणाऱ्यांनी कुलूपही उचललं. पुढे आलं ते ‘टर्बो’ बटण. त्या काळचे कित्येक खेळ मूळ पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगावर बेतलेले होते. नकली यंत्रं ८ किंवा १० मेगाहर्ट्झने धावू लागली आणि तेच खेळ खेळणाऱ्याच्या हाताबाहेर पळायला लागले. तेव्हा वेग उतरवायची सोय म्हणून हे बटण आलं, पण विकलं गेलं वेग वाढवणारं म्हणून. शेजारी मेगाहर्ट्झचा आकडा झगमगायचा. तो कोणी मोजत नसे. मागच्या बारीक पिना जोडणारा जो आकडा जमवून देई, तोच समोर दिसे. कॅबिनेटच्या इतिहासात निव्वळ दाखवण्यासाठी लावलेल्या दिव्यांचा मूळपुरुष म्हणून या आकड्याकडे बोट दाखवता येईल.

टेबलावरची जागा अपुरी पडू लागल्यावर लोक आडवं खोकं उभं करून जमिनीवर ठेवू लागले. १९८७मध्ये आयबीएमने ‘पीएस/२’ मालिकेतली दोन यंत्रं मुळातच उभी, जमिनीवर ठेवायची म्हणून घडवली. टॉवर रूढ झाला तो त्यानंतर. खोकं टेबलाखाली गेल्यावर बटणं आणि जोडण्या वर सरकायला हव्या होत्या. पण चेहरा जुन्याच सवयीने समोर राहिला. माणूस अनेक वर्षं वाकून बटण दाबत राहिला.

ते बटणही तेव्हा बेताचंच सुरक्षित होतं. जुन्या रचनेत भिंतीतून आलेली वीज जाड वायरने थेट समोरच्या बटणापर्यंत यायची. इंटेलने १९९५मध्ये ‘एटीएक्स’ हा आराखडा मांडला आणि बटणाचं काम बदललं. आता ते मदरबोर्डला नुसती सूचना देतं. वीजपुरवठा चालू-बंद करायचं काम बोर्ड बघतो. त्यामुळे बटण नखाएवढं झालं तरी चालू लागलं, छपरावर गेलं तरी बिघडेना. मागच्या बाजूला जोडण्यांची एकच आयताकृती खिडकीही याच आराखड्याने ठरवून दिली. कुठल्याही कंपनीचा एटीएक्स बोर्ड कुठल्याही कंपनीच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो, तो त्या खिडकीमुळे आणि स्क्रूंच्या ठरलेल्या जागांमुळे. चेहरा बनवणं हा स्वतंत्र धंदा झाला, कारण पाठ सगळ्यांची सारखी झाली.

रंगाचं बंड १९९८चं. जॉनथन आइव्ह यांनी घडवलेला अ‍ॅपलचा निळा, अर्धपारदर्शक आयमॅक ऑगस्टमध्ये विक्रीला आला आणि बदामी खोकी एका वर्षात म्हातारी दिसू लागली. ती नुसती दिसत नव्हती, खरोखर पिवळीही पडत होती. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेली ब्रोमिनची संयुगं आणि उन्हातले अतिनील किरण यांचा तो परिणाम मानला जातो. तैवानच्या लियान ली, कूलर मास्टर यांसारख्या कंपन्यांनी न रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची कॅबिनेटं काढली. हौशी मंडळींनी बाजूचा पत्रा कापून अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या बसवल्या, आत निळ्या नळ्या लावल्या. आज कारखान्यातूनच येणारी काच आणि रंगीत दिवे हे त्या घरगुती कापाकापीचे वंशज.

याच सुमारास उष्णता वाढली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड इतकं तापू लागलं, की चेहऱ्यावरच्या भोकांना पहिल्यांदा मान मिळाला. अ‍ॅपलच्या २००३च्या ‘पॉवर मॅक जी५’चा पुढचा आणि मागचा पत्रा पूर्ण छिद्रांचा होता आणि आत नऊ पंखे होते. गरजेची जाळी हीच तिथे शोभा ठरली. २००५च्या अँटेक ‘पी१८०’ने वीजपुरवठा तळाच्या वेगळ्या कप्प्यात नेला आणि बाजूंना तीन थरांचे पत्रे दिले, आवाज दबावा म्हणून. ऐंशी मिलिमीटरच्या किरकिऱ्या पंख्यांची जागा एकशेवीस आणि एकशेचाळीस मिलिमीटरच्या पंख्यांनी घेतली, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो.

मग २०१४मध्ये एनझेडएक्सटीच्या ‘एच४४०’ने सव्वापाच इंची खाच काढूनच टाकली. अडतीस वर्षांचा भाडेकरू उठला आणि पुढची अख्खी भिंत मोकळी झाली. या मोकळ्या भिंतीचं काय करायचं, यावर दोन मतं पडली. एकांनी ती काचेने किंवा अ‍ॅक्रिलिकने बंद केली. कूलर मास्टरच्या २०१७च्या ‘एच५००पी’त समोर २०० मिलिमीटरचे दोन भलेमोठे पंखे होते, पण त्यांच्यापुढे अ‍ॅक्रिलिकची बंद पाटी. परीक्षकांनी मोजून दाखवलं, की पंख्यांना हवाच मिळत नाही. कंपनीने लवकरच त्याच कॅबिनेटची जाळीवाली आवृत्ती काढली. दुसऱ्यांनी भिंतच जाळीची केली. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने २०२२च्या ‘नॉर्थ’मध्ये जाळीसमोर अक्रोड आणि ओकच्या लाकडी पट्ट्या अंतरा-अंतराने बसवल्या. दिवाणखान्यात शोभेल असं ते कॅबिनेट आहे आणि हवाही भरपूर घेतं.

आपल्याकडे या इतिहासातलं बरंचसं उशिरा आणि स्वस्त रूपात पोचलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणक ‘असेंबल’ करून घेताना कॅबिनेट हा यादीतला शेवटचा भाग असे आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा, त्याच्यासोबतच येत असे. उरलेल्या पैशांत बसेल ते खोकं, असा हिशोब. पत्रा पातळ, कडा धारदार आणि समोर चंदेरी प्लास्टिकचा रुबाब. त्या रुबाबामागे पंख्याला जेमतेम बोटभर फट. धुळीसाठी गाळणी नसेच. तिच्याऐवजी काम संपल्यावर घालायचं प्लास्टिकचं आवरण. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि रस्त्याकडेच्या धुळीत हे खोकं कसं वागेल, हा प्रश्न विकणाराही विचारत नसे आणि घेणाराही.

तो प्रश्न आता विचारायला हवा. कॅबिनेट पसंत करताना आधी पुढच्या भागावर टॉर्च धरा. मागचे पंखे दिसले तर हवा आत जाईल. बंद पाटी दिसली तर कडेची फट किती रुंद आहे ते बघा. धुळीची गाळणी स्क्रू न काढता निघते का आणि तळाचे पाय तिथल्या जाळीला हवा मिळेल इतके उंच आहेत का, हे पाहा. कॅबिनेट टेबलाखाली राहणार असेल तर बटण आणि यूएसबी वर असावेत, टेबलावर राहणार असेल तर समोर. डीव्हीडी अजून वापरत असाल तर खाच आहे ना, याची खात्री करा. नसाल तर तिच्यासाठी रुंदी फुकट घालवू नका. काच, दिवे आणि रंग यांचा विचार एवढं झाल्यावर करा. आणि एकाच किमतीच्या दोन कॅबिनेटांपैकी एकाला समोर काच व दुसऱ्याला जाळी असेल, तर जाळीचं घ्या.