उघड्या फाइली एकत्रित बंद करण्याची समस्या : युनिक्स ते लिनक्स – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत 'कार्यप्रणाली' हा विषय बहुधा व्याख्या व आकृत्यांच्या आधारे शिकविला जातो. त्यामागील निर्णयांचा इतिहास दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात अशाच एका निर्णयाचा मागोवा घेतला आहे.

विषय विवेचन :
युनिक्समध्ये प्रक्रियेने उघडलेल्या प्रत्येक फाइलला कर्नेल एक क्रमांक देते. त्यास फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. 'फोर्क'ने जन्मलेल्या अपत्य-प्रक्रियेस हे क्रमांक वारशाने मिळतात आणि 'एक्झेक'ने नवा प्रोग्रॅम सुरू झाल्यावरही ते सामान्यतः उघडेच राहतात. शेल व पाईप यांची सोय याच वारशावर उभी आहे. परंतु त्यामुळेच पालक-प्रक्रियेची गोपनीय फाइल परक्या प्रोग्रॅमच्या हाती पडू शकते.

यावर जुना उपाय म्हणजे तीनपासून कमाल मर्यादेपर्यंतचा प्रत्येक क्रमांक आवर्तनाने बंद करणे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही मर्यादा अवघी २० होती. लिनक्समध्ये ती १०,४८,५७६ पर्यंत नेता येऊ लागल्यावर मोजक्या फाइलींसाठी दहा लाखांहून अधिक सिस्टीम कॉल खर्ची पडू लागले. 'प्रॉक' फाइलप्रणालीतून उघड्या क्रमांकांची यादी वाचता येते. पण ती उपलब्ध असेलच असे नाही. २००७ मध्ये लिनक्स २.६.२३ ने फाइल उघडतानाच 'एक्झेकवेळी बंद' अशी खूण करण्याची सोय दिली. तथापि इतरांच्या लायब्ररीने खूण न करता उघडलेल्या फाइलींचा प्रश्न उरलाच.

सोलारिस ९ मध्ये 'क्लोजफ्रॉम' हे फलन आले होते. लिनक्समध्ये मात्र ख्रिश्चन ब्राउनर यांच्या प्रयत्नांतून 'क्लोज-रेंज' हा सिस्टीम कॉल ऑक्टोबर २०२० मध्ये ५.९ या आवृत्तीत दाखल झाला. आरंभ व अंत क्रमांक दिले की मधील सर्व उघड्या फाइली एकाच कॉलमध्ये बंद होतात. अंत क्रमांक कितीही मोठा असला तरी कर्नेल प्रक्रियेच्या प्रत्यक्ष तक्त्यापलीकडे जात नाही. २०२१ मध्ये ५.११ आवृत्तीत, त्वरित बंद न करता संपूर्ण पल्ल्यावर उपरोक्त खूण करण्याचीही सोय झाली.

निष्कर्ष :
कोणत्या फाइली उघड्या आहेत याची नोंद कर्नेलकडे असताना ती बंद करण्याचा भार दीर्घकाळ प्रोग्रॅमवर राहिला. लहान मर्यादेच्या काळात हा दोष जाणवला नाही. मर्यादा वाढताच तो उघड झाला. सोयीसाठी स्वीकारलेल्या गृहीतकाची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागते, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते.