विद्वानांनी विद्वानांना हाणलेले टोले

इंग्रजीत मूर्खाला चिडवायचे शब्द ढिगाने आहेत आणि त्यांतले बरेचसे कानाला गोडच लागतात. मित्राला ‘डन्स’ किंवा ‘इग्नोरॅमस’ म्हटले तर तो बहुधा हसण्यावारी नेईल. शिकल्यासवरल्यांनी अडाण्यांना हिणवण्यासाठी हे शब्द घडवले असणार, असा आपला सहज समज होतो. जुनी कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात. यांतले नामांकित शब्द विद्वानांनी आपल्याच तोडीच्या पढिक माणसांवर फेकलेले आहेत, आणि त्यांच्यात खट्याळपणा टिकला तो या बरोबरीमुळेच, असे माझे म्हणणे आहे.

‘डन्स’चेच पाहा. जॉन डन्स स्कॉटस हा स्कॉटलंडचा फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ. त्याने ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवले आणि १३०८ मध्ये कोलोनला देह ठेवला. त्याचा युक्तिवाद इतका बारीक, की लोक त्याला ‘सूक्ष्म आचार्य’ म्हणत. पुढची दोन शतके विद्यापीठांत त्याच्या ग्रंथांचा दबदबा होता. सोळाव्या शतकात ग्रीक आणि हिब्रू शिकून मूळ ग्रंथांकडे वळू पाहणारी पिढी पुढे आली आणि डन्सपंथी तिच्या आडवे आले. हे लोक चर्चमधल्या प्रवचनांतून या भाषांवर आग ओकत होते, अशी तक्रार बायबलचा अनुवादक विल्यम टिंडेल याने केली आहे. मग सत्तेनेच एक बाजू घेतली. १५३५ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचे अधिकारी ऑक्सफर्डच्या तपासणीला गेले. त्यांतल्या रिचर्ड लेटनचे क्रॉमवेलला लिहिलेले पत्र मुळातून वाचण्याजोगे आहे. डन्सला आम्ही बोकार्डोत, म्हणजे उत्तर वेशीवरच्या तुरुंगात टाकले, असे तो फुशारकीने कळवतो. डन्सची पाने शौचकूपांत खिळ्यांनी ठोकली आहेत, हेही सांगायला विसरत नाही. न्यू कॉलेजच्या चौकात फाटक्या पानांचा खच पडला होता आणि वारा ती कोपऱ्याकोपऱ्यांत उडवत होता. बकिंगहॅमशरचा ग्रीनफिल्ड नावाचा एक गृहस्थ ती वेचत होता. वाचायला नव्हे, रानातून हरणे बाहेर पडू नयेत म्हणून बुजगावणी करायला! एवढे झाल्यावरही ‘डन्स’चा अर्थ लगेच ‘मठ्ठ’ झाला नाही. आधी तो शब्दांचा कीस काढणाऱ्या, पुस्तकात बुडालेल्या पंडिताला लावत. शिकवूनही ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही असा माणूस, हा अर्थ शतकाच्या अखेरीस पक्का झाला.

‘इग्नोरॅमस’ हा तर कोर्टाचा शेरा. आरोपपत्राला पुरेसा पुरावा नसला की ग्रँड ज्युरी त्यावर ‘आम्हांस ठाऊक नाही’ अशा अर्थाचा हा लॅटिन शब्द लिहून ते परत करी. १६१५ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात राजा पहिला जेम्स याच्यापुढे जॉर्ज रगलचे याच नावाचे नाटक झाले. त्यातला वकील मोडक्या लॅटिनमध्ये कायद्याची फ्रेंच नि इंग्रजी कालवून बोलतो. नगर आणि विद्यापीठ यांचे भांडण तेव्हा जोरात होते आणि नगराची बाजू लढवणारा वकील फ्रान्सिस ब्रॅकिन हाच या नाटकाचे लक्ष्य होता. राजाला प्रयोग इतका आवडला, की तो पुन्हा पाहायला आला. वकिलांना अर्थातच मिरच्या झोंबल्या. म्हणजे इथेही मार खाणारा अडाणी नाही, सनदवाला आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘क्लाउन’, ‘बूर’, ‘व्हिलन’ हे शब्द खेडुतांवरूनच आले ना? आले. पण त्यांची वाट पाहा: ‘बूर’ उद्धटपणाकडे गेला, ‘व्हिलन’ दुष्टपणाकडे आणि ‘क्लाउन’ रंगमंचावर विदूषक झाला. निव्वळ बुद्धीच्या खेळकर टवाळीत यांतला एकही रमला नाही. नॉटिंगहॅमशरमधल्या गोथम गावच्या, कोकिळेला कुंपण घालणाऱ्या वेड्यांच्या कथा पुढे केल्या जातात. पण राजा जॉनला टाळण्यासाठी गावाने वेडाचे सोंग घेतले, अशी पुस्ती लोककथेनेच जोडली आहे. ‘निन्कमपूप’चा आक्षेप मात्र खरा आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात त्याचे मूळ बुद्धिभ्रंशाच्या लॅटिन कायदेशीर संज्ञेत शोधले, पण शब्दाची जुनी रूपे त्याच्याशी जुळत नाहीत. तो बहुधा नुसता नादाचा खेळ असावा, आणि असे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. ते माझ्या सिद्धांतात बसत नाहीत, हे मान्य.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. डन्सची टोकदार टोपी एकोणिसाव्या शतकातल्या शाळांत लहान मुलांच्या डोक्यावर चढली, त्यात कसली बरोबरी? अगदी खरे, आणि म्हणूनच त्या टोपीची कुणाला गंमत वाटली नाही. (ज्ञान डोक्यात उतरावे म्हणून स्कॉटसनेच नरसाळ्यासारखी टोपी सुचवली, ही गोष्ट रंजक असली तरी तिला त्याच्या ग्रंथांत आधार नाही.) एकच शब्द पंडितांच्या वादात थट्टा असतो आणि मास्तरांच्या हाती गेला की शिक्षा होतो. ‘मोरॉन’चा प्रवास तर पहिल्यापासूनच वरून खाली झाला. १९१० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्डने मूर्खासाठीच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला, तोही शास्त्रीय संज्ञा म्हणून: मोठे होऊनही ज्यांचे मानसिक वय ८ ते १२ वर्षांचे ठरते, ते मोरॉन. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय ९ ठरवले होते. तिची आई आधीच मंदबुद्धी ठरली होती, आणि अवघ्या ७ महिन्यांच्या मुलीकडे पाहून तीही फारशी ठीक नसल्याची साक्ष झाली. या आधारावर कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली. डन्सपंथीयांना निदान प्रवचनातून उलट उत्तर देता येत होते. कॅरीची मुलगी पुढे शाळेत गेली, एकदा गुणवंतांच्या यादीतही आली, आणि आठ वर्षांची असताना आजाराने वारली.