नीरा, ताडी आणि कमला सोहोनी

बोईसरहून दांडीला जाताना ताडाची झाडं दिसली की ग्रुपमधल्या कुणाला तरी ताडी आठवतेच. मला हल्ली कमला सोहोनी आठवतात (दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण!). १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून त्यांना बंगलोरच्या संस्थेत प्रवेश चक्क नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, अटी मान्य करून शिरल्याच. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं, की सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशीतही असतं. १९३९ला पीएचडी.

आता ही सायटोक्रोमची काय भानगड? आपण भात खातो, त्याचं ग्लुकोज होतं. पेशी ते टप्प्याटप्प्याने मोडते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवते. त्या वाटेवरचा एक हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. एका ग्लुकोजमागे एटीपीचे साधारण ३० रेणू सुटतात. यीस्ट तीच साखर ऑक्सिजनशिवाय आंबवतं, तेव्हा त्याच्या पदरात फक्त २! बाकीची बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहते. पहाटेच्या गोड नीरेची दुपारी ताडी होते ती अशी.

असो. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये कमलाबाईंनी नेमकं या नीरेवरच काम केलं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ताजी नीरा दिली तर तब्येत सुधारते, असं त्यांना दिसलं. पालघरच्या कुपोषणाच्या बातम्या वाचताना हे हटकून आठवतं. ताडाची झाडं तर इथे दारातच आहेत.