दाभण, दोरा आणि पाच हॉर्सपॉवर

उतरा, लवकर उतरा! कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेलाय आणि तुमची मोटर अजून एसटीच्या टपावरच आहे. मागच्या शिडीनं वर चढा, सोल सोडा, खाली हमालाला हाक मारा. पाच हॉर्सपॉवरचं ओतीव लोखंड आहे ते. दोघांनी उचलतानाही कमरेत कळ येते.

आलात. हे 1980 च्या आसपासचं खामगाव, पौषातली सकाळ. तुमच्या अंगात बंडी आहे, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला. उंद्री-अमडापूरच्या रस्त्यानं घाट उतरताना खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं कान अजून बधिर आहेत. घाटावर तुमच्या विहिरीला पाणी आहे, गहू ओंबीवर आलाय आणि परवा रात्री पंपाची मोटर नुसतीच घुमली, फिरली नाही. तुम्ही धावत जाऊन स्टार्टर पाडलात तोवर झाकणाच्या जाळीतून धूर निघाला होता. तो वास तुमच्या बंडीत अजून आहे, हुंगून पाहा. गोडसर, घशाला खवखवणारा, तारेवरच्या जळालेल्या इनॅमलचा.

मोटर हातगाडीवर टाका आणि चला. तोंड मिटून चाला बरं, कारण कापसाचा हंगाम आहे आणि हवेत रुईचे तंतू तरंगताहेत. भुवयांवर बसतात, चहाच्या कपात पडतात. जिनांची घरघर जमिनीतून तळपायांना कळते. कापसानं शिगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग संपता संपत नाही. शेणाचा, सरकीचा आणि विडीचा वास एकमेकांत मिसळलाय. याच कापसासाठी 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. तुम्हाला आज आगगाडीशी काम नाही. डावीकडे वळा, जिथं रस्त्यावरच जाळ पेटलाय तिथं.

जाळ घाबरण्यासारखा नाही. जुनं वायंडिंग मऊ करून उपसायला स्टेटर, म्हणजे मोटरीचे न फिरणारे भाग, जाळताहेत. ज्वाळांच्या कडा हिरव्या दिसतात ना? तांब्याचा रंग आहे तो. त्या धुरातून आत शिरा. दुकान म्हणजे दहा-बारा पावलांची पत्र्याची खोली. भिंतीला तारेची रिळं, कोपऱ्यात लाकडी फर्मे, वार्निशचा डबा आणि जळालेल्या मोटरींची उतरंड. गव्हाच्या दिवसांत इथं उभं राहायला जागा नसते. बाकावर चार शेतकरी आधीच बसलेत आणि प्रत्येकाला आपलीच मोटर आधी हवी आहे.

मिस्त्री तुमच्याकडे बघत नाहीत, मोटरीकडे बघतात. झाकण काढतात, टॉर्चचा झोत आत सोडतात. कॉइलच्या गोलाईवर चार ठिकाणी कोळशासारखे काळे पट्टे, मधल्या कॉइल जशाच्या तशा, तांबूस.

"एक फेज गेलता न, भाऊ? आन् फ्यूजात जाड तार टाकली असन तुमी."

तुम्ही दुपट्ट्यानं तोंड पुसा. उत्तर देऊ नका, ते त्यांना ठाऊक आहे. डेल्टा जोडणीच्या मोटरीत एक फेज तुटला की सगळ्यात जास्त भार एकाच गुंडाळीवर येतो आणि चार पोलांच्या मोटरीत ती नेमकी अशी चार जागी जळते.

पुढचे तास भराभर जातात. जुनी तार उपसली, खाचा खरवडल्या, कागद घातला. पोऱ्या फर्मा फिरवत वेढे मोजतो आणि मोजताना कोणी बोललं तर डोळे वटारतो. 36 खाचांमध्ये नव्या कॉइल बसल्या आणि वरून बांबूच्या चिपा ठोकल्या. जोडांवर स्लीव्ह चढली. तुम्ही मधल्या वेळात ज्वारीची भाकर आणि ठेचा उरकून घ्या, कारण आता तुम्हाला कामाला लावणार आहेत.

"हात धुवा अन् या इकडं."

समोर दाभण आहे. पोत्याचं तोंड शिवायचं तेच, फक्त टोक घासून बोथट केलेलं, म्हणजे तारेचं इनॅमल खरचटणार नाही. त्यात पांढरा सुती दोरा. स्टेटरच्या दोन्ही तोंडांना कॉइलचे फुगीर भाग बाहेर आलेत, मोकळे, हात लावला की हलणारे. त्यांना बांधायचं आहे. खाचेजवळ दोन कॉइलच्या फटीतून दाभण आत घाला, पलीकडून ओढा, गोलाईवरून दोरा परत आणा. आता?

तुम्ही सरळ वेढा देऊन पुढे निघालात. मिस्त्रींनी मनगट धरलं.

"तसं नाई. त्या दोऱ्याखालून काढा, मंग आपल्याकडं वढा."

तोच दोरा, तेवढीच लांबी, पण टोक स्वतःच्याच वेढ्याखालून निघालं आणि ताण दिल्याबरोबर गच्च बसलं. हात सोडून बघा, ढिलं होत नाही. फरक पटवायला मिस्त्री बांबूच्या काडीवर दोन्ही तऱ्हा बांधून दाखवतात आणि काडी उपसून घेतात. तुमचे वेढे सरसर सुटून दोरा सरळ लोंबकळतो. त्यांच्या दोऱ्यावर मात्र गाठींची ओळ जशीच्या तशी राहते. दोरा एका जागी तुटला तरी शेजारची गाठ आपली जागा सोडणार नाही. बैलाचं दावं, मोटेचा नाडा, पेंढ्यांचा बंध, जन्मभर गाठी मारलेले तुमचे हात हे तुमच्या आधी समजून घेतात.

एका बाजूला 36 फटी, दोन्ही बाजूंना मिळून 72 गाठी. पंधराव्या गाठीपर्यंत दोरा तर्जनीच्या पेरात रुततो. चिंधी गुंडाळा. फेजांमधला कागद सरकू देऊ नका आणि बाहेर येणाऱ्या वायरी याच दोऱ्याखाली दाबून घ्या. पाठ वाकते, मान भरून येते, बाहेर ट्रकचा हॉर्न कानठळ्या बसवतो, तरी गाठ सुटी मारायची नाही. मोटर चालू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह खेचते आणि तारांमधली ओढाताण प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे 36 पट. चालू झाल्यावरही सेकंदाला 100 झटके सुरूच असतात. मोकळी तार शेजारच्या तारेवर घासत राहिली की एक दिवस इनॅमल जातं आणि तुम्ही पुन्हा एसटीच्या टपावर चढता. तांब्याचं वजन गिऱ्हाईक विचारतं, वेढे विचारतं. या बांधणीचं कोणीच विचारत नाही. या सबंध खोलीतलं सगळ्यात देखणं काम माझ्या मते तरी हेच आहे.

तुमच्या काळातला प्लास्टिकचा टाय इथं आणायचा मोह झाला असेल. तो 1958 सालीच निघालाय, पण इथं त्याचा उपयोग नाही. साधा नायलॉनचा टाय 85 अंशांपुढे भरवशाचा राहत नाही आणि ही गुंडाळी त्याहून जास्त तापते. दोऱ्यानं तारा बांधायची कला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे, विमानात आहे, 2012 साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीतसुद्धा आहे. एक्स्चेंजमध्ये दोरा मेण लावलेला असतो, म्हणजे गाठ सरकत नाही. इथं मात्र मेण चालणार नाही, कोराच दोरा हवा. का, ते आता नाकानं समजून घ्या.

लाकडी हातोडीनं गोलाई ठोकून बसवली, इन्सुलेशन तपासायला मेगर फिरवून पाहिला, टेस्ट लॅम्प लावला. मग मोटर पत्र्याच्या पेटीत दोनशे वॉटच्या दिव्यांखाली तापवली आणि वरून वार्निशची धार सोडली. उग्र वास डोळ्यांतून पाणी काढतो. बघा, पांढरा दोरा वार्निश पितोय, मधासारखा पिवळा होतोय, आणि त्याच्यातूनच वार्निश कॉइलच्या आत झिरपतंय. मेणानं ही वाट बंद केली असती. सकाळपर्यंत दोरा, तार, कागद सगळं मिळून एकच कडक कडं होईल. गाठी मारायच्या त्या तोवर कॉइल हलू नयेत म्हणून, आणि पुढं कायमच्या.

म्हणजे मुक्काम आलाच. पत्र्याची पेटी उबदार आहे, तिच्याजवळ पाठ टेकायला जागा मिळेल असा तुमचा हिशेब. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबते, दोघं जण घामाघूम होऊन आणखी एक मोटर आत आणतात. "जयली हो मिस्त्री, हरभरा वाऊन राह्यला." मिस्त्री झाकण उघडतात, झोत टाकतात, मान हलवतात. दुपारी भरून ठेवलेला दुसऱ्या कोणाचा तरी स्टेटर तुमच्यापुढे सरकवतात आणि दाभणात दोरा ओवतात.

"तुमची गाडी सकाळी सातची हाय न, भाऊ? घ्या मंग. हे बांधून काढा."